४५ वर्षांची तात्पुरती नोकरी



तुमच्या घरात किंवा ओळखीत यंदा कुणी निवृत्त होतंय का? असेल, तर निरोप समारंभ कसा होणार हे तुम्ही आत्ताच सांगू शकाल. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि बहुतेक वेळा भिंतीवरचं एक घड्याळ. साहेबांचं भाषण, त्यात "इतकी वर्षं निष्ठेने सेवा केली" हे वाक्य. मग समोसा आणि वेफर्सची प्लेट, ग्रुप फोटो. आणि घरी आल्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न, "आता वेळ कसा घालवणार?"

या गडबडीत एक गोष्ट विचारायची राहून जाते. या माणसाने इतकी वर्षं नेमकं काम काय केलं?

आपल्याला कंपनीचं नाव माहीत असतं. पद माहीत असतं. पगाराची तारीख तर पाठच असते. शिक्षक, बँकेतले किंवा रेल्वेतले असतील तर कामाचाही थोडाफार अंदाज असतो. पण सॉफ्टवेअरमधला माणूस असेल तर "कॉम्प्युटरवर काहीतरी करतात" यापुढे गाडी जात नाही.

हा प्रश्न आता बऱ्याच मराठी घरांत येणार आहे. मुंबईत टीसीएस सुरू झाली १९६८ साली. पुण्यात सीडॅक आली १९८८ साली आणि १९९१ मध्ये तिथे 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. त्या काळात पंचविशीत कामाला लागलेली मंडळी आज साठीच्या घरात आहेत किंवा ती ओलांडून गेली आहेत. पुण्या-मुंबईतच नाही, तर बेंगळुरू, हैदराबाद, इंदूर, दिल्ली इथल्या मराठी घरांतही. आपल्याकडची सॉफ्टवेअरची पहिली मोठी पिढी निरोप घेते आहे.

म्हणून आज मी तुम्हाला एका निरोपाची गोष्ट सांगणार आहे. ती अमेरिकेतली आहे आणि २००२ सालची आहे. त्या वर्षी फ्रान्सेस ॲलन नावाच्या एक बाई आयबीएम कंपनीच्या संशोधन विभागातून निवृत्त झाल्या. एकाच कंपनीत ४५ वर्षं. आणि गंमत म्हणजे, ही नोकरी त्यांनी तात्पुरती धरली होती!

कर्ज फिटेपर्यंत

फ्रान्सेस ॲलन यांचा जन्म ४ ऑगस्ट १९३२ चा. न्यूयॉर्क राज्यात, शहरापासून खूप दूर, पेरू नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या शेतकरी कुटुंबातली ही मुलगी. वडील शेती करायचे, आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. सहा भावंडांत ही सगळ्यात मोठी. सुरुवातीची शाळा घरापासून मैलभर लांब आणि ती शाळा म्हणजे एकच खोली. आपल्याकडच्या खेड्यातल्या एका खोलीच्या शाळेत शिकलेल्या वाचकांना हे चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल.

त्यांना व्हायचं होतं गणिताची शिक्षिका. १९५४ मध्ये गणितात पदवी घेतली आणि आपल्याच गावात शिकवायला लागल्या. दोन वर्षांनी पुढच्या शिक्षणासाठी मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि १९५७ मध्ये एम.ए. किंवा एम.एस्सी.च्या तोडीची पदव्युत्तर पदवी मिळवली. पण शिक्षणासाठी काढलेलं कर्ज डोक्यावर होतं. शिक्षिकेच्या पगारात ते लवकर फिटण्यासारखं नव्हतं.

त्याच सुमाराला आयबीएम कॉलेजांमधून मुलींची भरती करत होती. त्यासाठी काढलेल्या पुस्तिकेचं नाव होतं 'माय फेअर लेडीज'. आज हे नाव वाचून हसू येतं, पण प्रोग्रामिंग हे क्षेत्रच तेव्हा इतकं नवं होतं की ते बायकांचं की पुरुषांचं हे अजून कुणी ठरवलेलं नव्हतं. जुलै १९५७ मध्ये ॲलन आयबीएममध्ये रुजू झाल्या. बेत अगदी सरळ होता. कर्ज फेडायचं आणि परत शाळेत जायचं.

शिक्षणाचं कर्ज फेडण्यासाठी मिळेल ती नोकरी धरणारी मुलं-मुली तुमच्या घरात असतील. माझ्या वयाच्या कितीतरी जणांना रात्री झोपताना एकच काळजी असते, की आपण आपल्या आवडीचं काम करत नाही, म्हणजे आपलं आयुष्य चुकलं का? ॲलन यांनाही पहिल्या दिवशी संगणकाचं वेड नव्हतं. त्यांना हप्ते फेडायचे होते. वेड नंतर लागलं, काम करता करता.

पहिलंच काम शिकवण्याचं

शाळा सोडून आलेल्या या मुलीला आयबीएमने पहिलं काम दिलं तेही शिकवण्याचंच. फोरट्रान ही भाषा त्याच वर्षी, १९५७ मध्ये आली होती. ती कंपनीच्या शास्त्रज्ञांना शिकवायची होती.

इथे थोडं थांबून एक गोष्ट समजून घेऊ. संगणकाला आपली भाषा कळत नाही. त्याला कळतात त्याच्या स्वतःच्या अगदी बारीकबारीक आज्ञा. पूर्वी प्रोग्रामर मंडळी त्या आज्ञा हाताने, एकेक करून लिहायची. फार किचकट काम. फोरट्रानमुळे गणिताच्या सूत्रांसारखं काहीतरी लिहिता येऊ लागलं. त्या लिखाणाचं यंत्राच्या आज्ञांमध्ये रूपांतर करणारा एक प्रोग्राम असतो. त्याला म्हणतात कंपायलर. दुभाषी म्हणा ना.

पण शास्त्रज्ञांचा या दुभाष्यावर विश्वास नव्हता. "आम्ही हाताने लिहितो तितक्या वेगाने चालणारं काम हे यंत्र करून देणार? शक्यच नाही," असा एकूण सूर. पाट्या-वरवंट्यावर वाटण करणाऱ्या आजीला पहिल्यांदा मिक्सर दाखवल्यावर ती जसं बघेल, अगदी तसंच!

अशा वर्गाला शिकवायचं तर शिक्षिकेला आतलं सगळं माहीत हवं. म्हणून ॲलन यांनी फोरट्रानचा कंपायलर कसा लिहिलाय तेच वाचून काढलं. त्या वाचनातून त्यांना त्यांचा विषय सापडला. माणसाने सोप्या भाषेत लिहावं आणि तरीही यंत्राने ते वेगाने करावं, हे जमवायचं कसं? पुढची सगळी वर्षं त्यांनी या एका प्रश्नावर घालवली.

हे काम म्हणजे नक्की काय?

चला, स्वयंपाकघरात जाऊ.

समजा तुम्ही एखाद्या नवख्या मदतनिसाला पोळ्या कशा करायच्या ते कागदावर लिहून दिलंत. "डबा काढ, पीठ घे, डबा ठेव, पोळी लाट, भाज." आणि शेवटी लिहिलंत, "असं वीस वेळा कर." तो अगदी शब्दशः वागणारा असेल तर प्रत्येक पोळीसाठी डबा फडताळातून काढेल आणि परत आत ठेवेल. वीस वेळा! जाणती बाई काय करेल? डबा एकदाच काढून ओट्यावर ठेवेल.

भाजीला आणि आमटीला एकच वाटण लागत असेल तर ती एकदाच वाटेल. कुणी खाणारच नसेल अशा कोशिंबिरीची काकडी चोचवत बसणार नाही. पदार्थ तेच, चव तीच, कष्ट मात्र निम्मे.

चांगला कंपायलर नेमकं हेच करतो. आपण लिहिलेल्या प्रोग्राममधलं पुन्हापुन्हा होणारं काम बाहेर काढतो, दोनदा होणारा हिशेब एकदाच करतो, ज्याचा उपयोग नाही ते गाळून टाकतो. याला ऑप्टिमायझेशन म्हणतात.

ऐकायला सोपं आहे, पण यात एक मोठी मेख आहे. घरात दोघी स्वयंपाक करत असतील तेव्हा काय होतं? सासूबाई विचारतात, "भाजीत मीठ घातलंस का गं?" सुनेने घातलं असेल आणि त्यांनीही घातलं तर भाजी खारट. दोघींनीही दुसरीने घातलं असेल असं धरलं तर अळणी. मीठ पडलंय की नाही हे खात्रीने सांगायचं तर भाजी ज्या ज्या हातांतून गेली ते सगळे रस्ते तपासावे लागतात. "पाहुणे आले म्हणून भाजी वाढवली" हा रस्तासुद्धा.

प्रोग्राममध्ये असे रस्ते हजारो असतात. "असं झालं तर इकडे जा, नाहीतर तिकडे." एखादी पायरी गाळली किंवा हलवली आणि एका रस्त्यावरचं उत्तर चुकलं, तर तो वेग काय कामाचा? ॲलन यांनी या रस्त्यांचा नकाशा शास्त्रशुद्ध पद्धतीने काढायला शिकवलं. कोणती वाट कुठे जाते, कोणता आकडा कुठून निघून कुठपर्यंत पोहोचतो, याचा माग कसा काढायचा ते दाखवलं. १९६६ पासूनचे त्यांचे शोधनिबंध याच विषयाचे आहेत. सहकारी जॉन कॉक यांच्याबरोबर त्यांनी अशा सुधारणांची एक सविस्तर जंत्रीच तयार केली. पुढच्या लोकांना सगळं पहिल्यापासून शोधावं लागू नये म्हणून.

आज तुमच्या फोनमधलं जवळजवळ प्रत्येक ॲप कुठल्या ना कुठल्या कंपायलरच्या हाताखालून गेलेलं असतं आणि त्या कंपायलरमध्ये या कामाचा वारसा असतो. तुम्ही हा लेख वाचताय त्या क्षणीसुद्धा.

बंद पडलेली कामं

आता ४५ वर्षं म्हटल्यावर वाटेल, की एकामागून एक यशच यश असणार. तसं अजिबात नाही.

सुरुवातीच्या काळात त्या 'स्ट्रेच' नावाच्या महासंगणकावर आणि त्याला जोडलेल्या 'हार्वेस्ट' या यंत्रावर काम करत होत्या. हार्वेस्ट अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेसाठी होतं, गुप्त संदेशांची उकल करण्यासाठी. स्ट्रेच आधीच्या यंत्रापेक्षा १०० पट वेगवान करायचं, असं ध्येय होतं. ते गाठता आलं नाही. कंपनीला त्याची किंमत उतरवावी लागली.

मग १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात आणखी एक वेगवान संगणक बनवण्याचा मोठा प्रकल्प झाला. तो १९६९ मध्ये बंदच झाला. त्यावर राबलेल्या माणसांना काय वाटलं असेल, विचार करा. आपण एखादं काम वर्षानुवर्षं करावं आणि एक दिवस कुणीतरी येऊन सांगावं, आता हे नको.

पण कॉक यांच्याबरोबरची ती जंत्री आली १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. बंद पडलेल्या प्रकल्पांत जे शिकून झालं होतं, ते कागदावर उतरलं होतं. यंत्र विकलं गेलं नाही, पण ज्ञान उरलं. १९८० च्या दशकात त्यांनी नवा गट उभा केला. एकच काम अनेक प्रोसेसरमध्ये वाटून एकाच वेळी कसं करून घ्यायचं, हा त्या गटाचा विषय होता. १९८९ मध्ये त्या 'आयबीएम फेलो' झाल्या. कंपनीतला हा सर्वोच्च तांत्रिक सन्मान. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

आपल्याकडेही या विषयाची परंपरा आहे बरं का. मुंबईच्या आयआयटीत प्रा. धनंजय ढमढेरे यांनी कंपायलर ऑप्टिमायझेशनवर संशोधन केलं आणि त्यांची पाठ्यपुस्तकं देशभरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी वाचली. तिथल्याच उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचं 'डेटा फ्लो ॲनालिसिस' या विषयावरचं इंग्रजी पुस्तक २००९ मध्ये आलं. पेरू गावच्या शिक्षिकेने सुरू केलेला धडा पवईतही शिकवला जातो.

निरोपानंतर आलेला फोन

२००२ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, ॲलन निवृत्त झाल्या. वेळ कसा घालवायचा हा प्रश्न त्यांना पडला नसावा, कारण त्यांना गिर्यारोहणाचा जबरदस्त छंद होता. अगदी उत्तर ध्रुवाजवळच्या एल्समीर बेटापर्यंत त्या मोहिमेवर जाऊन आल्या होत्या.

त्यानंतर आला २००६ सालचा ट्युरिंग पुरस्कार. संगणकशास्त्रातला हा सर्वात मोठा सन्मान. त्याला या क्षेत्रातलं नोबेलच म्हणतात. १९६६ पासून तो दिला जात होता आणि ४० वर्षांत एकाही बाईला मिळाला नव्हता. पहिल्या ठरल्या फ्रान्सेस ॲलन. त्यांच्यामागून २००८ चा पुरस्कार बार्बरा लिस्कोव्ह यांना आणि २०१२ चा शफी गोल्डवासर यांना मिळाला.

आनंदाची गोष्ट आहेच. पण तारखा पुन्हा एकदा बघा. ज्या कामासाठी हा पुरस्कार मिळाला, त्यातलं बरंचसं १९६० आणि ७० च्या दशकातलं. निवृत्ती २००२ मध्ये. पुरस्कार त्यानंतर. म्हणजे ज्या दिवशी त्यांनी ऑफिसमधलं टेबल आवरलं, त्या दिवसापर्यंत जगाने त्यांना हा मान दिलेला नव्हता. काम मात्र तोवर लाखो यंत्रांमध्ये रोज चालू होतं.

याचं एक कारण त्या कामाच्या स्वभावातच आहे. कंपायलर नीट चालला तर तो कुणाला दिसतच नाही. वेळेवर जेवण मिळालं की त्यामागचा डबा कुणी कुठे ठेवला होता हे कोण विचारतं? बिघडलं तरच चौकशी होते.

एक सन्मान मात्र निरोपाच्या आधी आला होता आणि मला तो फार आवडला. तंत्रज्ञानातल्या स्त्रियांना मार्गदर्शन करणाऱ्यांसाठी आयबीएमने २००० मध्ये ॲलन यांच्या नावाने एक पुरस्कार सुरू केला आणि तो पहिल्यांदा दिला त्यांनाच. कर्ज फिटलं की शाळेत परत जाईन म्हणणारी ही बाई परत गेली नाही. पण तिने शिकवणं सोडलं तरी कुठे? नव्या मुलींना हाताशी धरणं, त्यांना वाट दाखवणं, हे ती शेवटपर्यंत करत राहिली.

४ ऑगस्ट २०२० रोजी फ्रान्सेस ॲलन गेल्या. तो त्यांचा ८८ वा वाढदिवस होता. त्यांना अल्झायमरने गाठलं होतं. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना मी वेगळं काही सांगायला नको. आपल्या माणसाच्या आठवणी हळूहळू निसटताना पाहणं काय असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. अशा वेळी त्या माणसाने काय केलं, कुणाला काय शिकवलं, हे लक्षात ठेवण्याची जबाबदारी इतरांवर येते. ॲलन यांचं काम त्यांच्या निबंधांत लिहिलेलं होतं, विद्यार्थ्यांना आणि सहकाऱ्यांना माहीत होतं. त्यामुळे ते राहिलं.

आणि आपल्या घरात?

आपल्या घरातल्या माणसांच्या कामावर निबंध लिहिले जात नाहीत. तिथे आपल्यालाच विचारावं लागतं. वेळ असताना.

तर माझी एक विनंती आहे. यंदा घरात कुणी निवृत्त होत असेल तर शाल आणि घड्याळाची काळजी ऑफिसवाले घेतील. तुम्ही एक संध्याकाळ काढा, टीव्ही बंद करा, चहा ठेवा आणि हे विचारा.

पहिल्या दिवशी तुम्हाला कामातलं काय येत होतं, काय येत नव्हतं? एखादं काम खूप मेहनत घेऊनही बंद पडलं का आणि त्यातून काय उरलं? तुम्ही रजेवर गेलात की ऑफिसात काय अडायचं? आणि तुम्ही कुणाला शिकवलंत?

शेवटचा प्रश्न नक्की विचारा. "मी कुठे कुणाला शिकवलं" असं उत्तर येईल. थोडं थांबा. मग एखादं नाव निघेल, मग दुसरं. मुलांना जवळ बसवा. जमलं तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

हे प्रश्न जिला कधीच निरोप समारंभ मिळत नाही तिलाही विचारा. घर सांभाळणाऱ्या आईला किंवा आजीला निवृत्तीची तारीख नसते. डबा एकदाच काढून ओट्यावर ठेवण्याची युक्ती तिला कुणी शिकवली, तिने पुढे कुणाला दिली, हे आपण कधी विचारलंय?

आणि तुम्ही स्वतः आत्ता एखादी तात्पुरती नोकरी करत असाल, हप्ते फेडत असाल, तर इतकंच म्हणेन की कामाच्या आत काय चाललंय ते एकदा मनापासून वाचून बघा. सगळ्यांनाच त्यातून ४५ वर्षं पुरेल असा प्रश्न मिळेल असं नाही. कदाचित कर्ज फिटल्यावर तुम्ही खरंच शाळेत परत जाल. तेही छानच!

पुढच्या वेळी भेटू. तोवर ती चहाची संध्याकाळ पक्की करा.